कोकरेतात्या आणि त्यांची रडकी बाळं

धूर दिसला की माणसं डोळे चोळतात, नाहीतर कुणी काय जाळलं म्हणून ओरडतात. कोकरेतात्या खूश व्हायचे. आम्ही हॉटेलात बसलेलो असताना शेजारच्या टेबलावर कुणी विडी पेटवली की यांचा चहा राहिला बाजूला. धूर कुठून निघाला, कुठं वळला, पंख्याखाली कसा फाटला, हे मान वर करून बघत बसायचे. विडीवाला बिचारा ओशाळून विडी विझवायचा. मग तात्या हळहळायचे, "आरं, वर पोचू तरी द्यायचा!"

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीत टायरच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, एक फोन आणि जिना चढताना येणारा रबराचा वास. पुण्याच्या एका कंपनीची ती शाखा. कंपनी धूर ओळखणारी यंत्रं विकायची. एमआयडीसीत नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि बँकवाले, विमेवाले त्यांच्या मागे लागत होते की ही यंत्रं बसवा. शाखेत माणसं दोनच. टायपिंग, फोन आणि चहा सांभाळणारी मी, आणि बाकीचं सगळं सांभाळणारे तात्या.

तात्या मूळचे सुप्याकडचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली, आणि तात्यांनी शेती भावाच्या गळ्यात घालून वायरिंग धरलं. उंची अशी की दुसऱ्याला शिडी लागेल तिथं यांना स्टूल पुरायचं. आवाज असा की फोनवर पुण्याशी बोलायला लागले की मला वाटायचं, फोन ठेवून द्यावा, खिडकी उघडली तरी काम होईल. आणि नम्रपणा नावाची वस्तू त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. "हितून सोलापूरपर्यंत माझ्याएवढा धूर कुणाला कळत न्हाय," असं ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मी "हो का" म्हणाले आणि टाइपरायटरवरचं फडकं काढलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर यंत्रही ठेवलं. उपड्या वाटीएवढं, पांढरं, बारीक जाळीचं, पोटाला एक छोटा लाल दिवा. मी विचारलं, "हाच का डिटेक्टर?"

"डिटेक्टर कंपनीसाठी. आपल्यासाठी ह्ये बाळ हाय, ताई. ह्याला बोलता येत न्हाय, नुसतं रडता येतं. भूक लागली तरी रडणार, मुंगी चावली तरी रडणार. आपण काय करायचं?"

मला वाटलं खरंच विचारतायत. म्हटलं, "गप्प करायचं."

तात्यांचा चेहरा पडला. "ताई, तुमी पण त्यातल्याच. आदी जाऊन बघायचं! बाळ रडलं म्हणून कुणी त्याच्या तोंडात बोळा कोंबतं का?"

बोळ्याचं मला पुढं कळलं. एका कारखान्यात यंत्राचा भोंगा वारंवार वाजतो म्हणून कामगारांनी त्यात चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. तात्यांनी तो बोळा स्वतः उपसून आणला होता आणि ऑफिसात शिल्ड ठेवतात तसा कपाटावर ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बोळा दाखवायचा, मग खुर्ची द्यायची. निम्मी गिऱ्हाइकं बोळ्यालाच घाबरून जात.

यंत्र बसवलं की त्याची परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी पुण्याहून फवाऱ्याचा डबा यायचा. फुस्स केलं की यंत्राला वाटायचं धूर आला. पण डबा संपला की पुणेकरांना नवा पाठवायला फार जड जाई. मग तात्यांनी आपली सोय आपण केली. एक लांब बांबू, त्याच्या टोकाला तारेने बांधलेलं पितळी धुपाटणं, त्यात निखारा आणि वर चिमूटभर ऊद. हा सरंजाम आपल्या एम-एटी गाडीला आडवा बांधून ते एमआयडीसीत शिरायचे तेव्हा रस्त्यातली माणसं दोन्ही बाजूंना सरकायची. भक्तीनं नव्हे, बांबू लागेल म्हणून.

यातून व्हायचा तो घोटाळा झालाच. तात्या कारखान्यात फिरून एकेका यंत्राखाली धुपाटणं धरत, आणि बघणाऱ्यांना वाटे, हा बाबा कारखान्याची दृष्ट काढतोय. एका मालकाच्या आईनं त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. कोऱ्हाळे बुद्रुकला तर एका बागायतदारानं गाडी थांबवून विचारलं, "गोठ्यात डास लई झाल्यात, धुरी देता का?" तात्यांनी दिली. मी रागावले. ते म्हणाले, "गोठ्यात धूर कसा चढतो ते बघायला नको व्हय? वर कौलं हायत. कौलातनं निसटतो, ताई! तितं बाळाचा काय बी उपेग न्हाय!" एखाद्याला लॉटरी लागावी तसे ते सांगत होते.

कारण तात्यांची खरी आवड ही होती. यंत्राला काय जमत नाही, ते शोधायचं. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते, तिथं धूर पोचत नाही. पंखा सुरू असला की धूर भलतीकडेच पळतो. उन्हाळ्यात पत्रा तापला की त्याच्याखाली गरम हवेचा थर बसतो आणि धूर मधेच लोंबकळत राहतो, म्हणून उंच पत्र्याला यंत्र पाईपवर खाली सोडायचं. वाफेला ते धूर समजतं. धुळीनं गुदमरतं. कोळ्यानं आत संसार मांडला तर ठार वेडं होतं. हे सगळं ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, म्हणजे माल घ्यायच्या आधी. पुण्याचे आमचे साहेब म्हणायचे, "कोकरे, जगात दुसरा कुठला सेल्समन आपल्या मालाची अशी बदनामी करतो?" तात्यांना हे कौतुक वाटायचं.

खंडेनवमीला मात्र तात्यांची झोप उडायची. त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा. लेथला हार, कटिंग मशीनला कुंकू, आणि धूप असा की समोरचा माणूस दिसू नये. भोंगे एकामागून एक बोंबलायला लागायचे आणि आमचा फोनही. पहिल्या वर्षी लोकांनी सरळ वायरी उपटल्या. दुसऱ्या वर्षी तात्यांनी तोडगा काढला. काकूंकडून, म्हणजे बायकोकडून, त्यांनी कुंच्या शिवून घेतल्या. तान्ह्या बाळाला घालतात त्याच, झालर आणि बंद असलेल्या. पूजेपुरती प्रत्येक यंत्राला कुंची घालायची, आरती झाली की काढायची. एका कारखान्यात मी हे दृश्य पाहिलं आहे. खाली सफारी घातलेले मॅनेजर हात जोडून उभे, वर छताला ओळीनं लटकलेली गुलाबी-पिवळ्या कुंचीतली बाळं. बायका कामगार पूजा सोडून वरच बघत होत्या. त्यातल्या एकीनं कुंचीचा नमुना मागितला तेव्हा तात्या फुलून गेले.

असं आमचं चाललं होतं, म्हणजे फारसं चाललेलं नव्हतं. ऑर्डरी कमी. मग एकदा पुण्याचे साहेब आले, बोळ्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "इंदापूरच्या आबासाहेबांचं बारदानाचं गोदाम हातात येण्यासारखं आहे. विम्याचे साहेब येऊन ते पास करतील. पास झालं तर शाखा राहील. नाही झालं तर मी हे शटर खाली ओढतो."

तात्यांनी कपाटावरचा बोळा उचलला, झटकला आणि परत जागेवर ठेवला. पन्नाशी गाठलेला माणूस आता कुणाच्या हाताखाली वायरी ओढणार? भावाच्या शेतावर परत जायचं तर कुठल्या तोंडानं? माझीही नोकरी जाणार होती, पण मला दुसरीकडे टायपिंग मिळालं असतं. तात्यांच्या बाळांना दुसरीकडे कोण विचारणार होतं!

आबासाहेब मोठे ऊसवाले. साखर भरायची नवी कोरी पोती, म्हणजे बारदान, साठवून ते कारखान्यांना पुरवत. गोदाम म्हणजे ज्यूटच्या गठ्ठ्यांचे डोंगर. एक ठिणगी पुरे. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा तात्यांनी नेहमीप्रमाणे बदनामीपासून सुरुवात केली. ह्याला धूळ चालत नाही, ह्याला वाफ चालत नाही, हे आग विझवत नाही, फोन लावत नाही, बंबाला बोलवत नाही.

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "मग तात्या, ह्ये करतं तरी काय?"

"बोंबलतं."

"बोंबलायला आमच्यात आत्या हाय की. फुकटात."

दारामागून आवाज आला, "आरं, पर मी दुपारची झोपते की!" आणि आबासाहेबांच्या आत्या बाहेर आल्या. सत्तरीच्या, लुगडं नेसलेल्या, हातात अडकित्ता. त्यांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "आन ह्ये कवा झोपतं?"

"कवाच न्हाय," तात्या म्हणाले.

"मग घे रं आबा. माझी तेवढीच सुटका."

ऑर्डर अशी मिळाली. यंत्रं बसवायचं काम चालू असताना आत्या खुर्ची टाकून गोदामात बसत, आणि तात्या त्यांना शिकवत. बाळ रडलं की काय करायचं, आत्या? जाऊन बघायचं. पॅनेलवरचं भोंगा गप करायचं बटण आधी दाबायचं का? न्हाय, आधी बघायचं. वॉचमन हे ऐकून जांभया द्यायचा. आत्यांनी मात्र ते मनावर घेतलं. आजवर इंदापुरात त्यांना कुणी काही शिकवायला गेलं नव्हतं, त्याचं अप्रूप असेल.

पास करायच्या दिवशीच आबासाहेबांनी गोदामाची वास्तुशांत ठेवली. विम्याचे साहेब येणारच आहेत तर जेवूनच जातील, हा हिशेब. मी सकाळच्या एसटीनं इंदापूरला पोचले तेव्हा गोदामाच्या मधोमध होम पेटला होता आणि वर सगळी बाळं कुंच्यांत होती. होम आटोपला. तात्यांनी सगळ्या कुंच्या स्वतः काढल्या, माझ्या पिशवीत भरल्या, पिशवी उघडून परत बघितली. मग बांबू घेऊन एकेका यंत्राची परीक्षा घेतली. एकूण एक बाळ खणखणीत रडलं. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात पुण्याचे साहेब धावत आले. "कोकरे, विम्याच्या साहेबांची गाडी आली! ते देवळातलं भांडं आधी लपवा. त्यांना वाटेल, आपण कंपनी आहोत का भजनी मंडळ!"

तात्यांनी घाईनं बांबू उचलला आणि मागच्या खोलीत नेऊन उभा केला.

विम्याचे साहेब चष्मेवाले, बारीक आवाजाचे, चेहऱ्यावर काहीच न दिसणारे. तात्यांनी त्यांना पॅनेलसमोर उभं केलं आणि भाषण सुरू केलं. कोपरे, पंखे, पत्रा. अगदी रंगात आले होते. वाफेपर्यंत पोचले आणि भोंगा वाजला. पॅनेलवर मागच्या खोलीचा दिवा लागला.

मागच्या खोलीच्या दाराबाहेरच आचाऱ्याच्या चुली होत्या. भाताच्या पातेल्याचं झाकण त्याच वेळी निघालं होतं. पुण्याच्या साहेबांनी तात्यांकडे असं पाहिलं की मला शटर खाली येताना दिसलं. तात्या पॅनेल आणि विम्याचे साहेब यांच्या मधे आले. ते हसले. तसं खोटं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

"भाताची वाफ हाय, साहेब. उगंच रडतंय." आणि त्यांनी बटण दाबलं.

भोंगा बंद झाला. क्षणभर शांतता, आणि परत तोच दिवा, परत तोच भोंगा.

"उगंच वो, उगंच," तात्या म्हणाले आणि परत बटण दाबलं.

"तात्या!" खुर्चीतून आत्या उठल्या. "बाळ दुसऱ्यांदा रडलं. तुमी बघायला गेला न्हाय."

"आत्या, वाफ हाय ती."

"बघितली का?"

तात्यांचं बोट बटणावरच होतं. आत्या लुगडं सावरत निघाल्या. एकट्याच. पंगतीला जमलेली माणसं हसायला लागली. मग मागच्या खोलीतून आत्यांचा आवाज आला, आणि त्या आवाजापुढं आमच्या कंपनीचा भोंगा म्हणजे काहीच नव्हता. "आरं जळतंय! बारदान जळतंय!"

तात्या असे धावले की वाटेतला पाट उडाला. घाईत उभं केलेलं धुपाटणं कलंडलं होतं, निखारा गठ्ठ्यावर पडला होता आणि गठ्ठा धुमसत होता. ज्वाळा नव्हती, पण धूर भरपूर, आणि शेजारी छतापर्यंत बारदान रचलेलं. पाण्याची टाकी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. जवळ होतं ते एकच, पंगतीसाठी केलेल्या मठ्ठ्याचं पिंप. आबासाहेब, आचारी आणि तात्यांनी ते उचललं आणि सगळं ओतलं. कोथिंबीर, मिरच्या, आलं, सगळ्यासकट. आग विझली. खोलीत फोडणीचा आणि जळक्या सुतळीचा असा काही वास सुटला की विम्याच्या साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी दिसलं.

ते आत आले, चष्मा पुसला, आणि विचारलं, "धूर कशाचा होता?"

पुण्याच्या साहेबांनी आचाऱ्याकडे बोट दाखवायला हात उचलला होता. आबासाहेबही म्हणायला लागले होते, "चुलीची एखादी ठिणगी..." आचारी बिचारा मान खाली घालून उभा. त्याला वाटलं असेल, आपलीच.

तात्या मठ्ठ्यात उभे होते. मिशीला कोथिंबीर लागली होती. ते म्हणाले, "आचाऱ्याचं काय न्हाय, साहेब. धूर माझा. हे धुपाटणं माझं. आन बाळ दोनदा सांगत हुतं, तवा त्याला गप केलं ते बी मीच. समद्या तालुक्याला बोंबलून सांगतो, आदी बघा म्हणून. आन माझ्यावर बारी आली तवा म्या बघितलं न्हाय."

त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं, हे सरळ सांगते. शाखा गेली म्हणून नाही. एवढा फुशारकी मारणारा माणूस, आणि मठ्ठ्यात उभा राहून हे बोलतोय, ते बघवत नव्हतं.

विम्याच्या साहेबांनी वरच्या यंत्राकडे एकदा पाहिलं. मग पेन काढलं. "यंत्र चाललं. माणूस नाही चालला. पण मला सही यंत्रासाठीच करायची आहे." आणि त्यांनी सही केली. मग आत्यांकडे वळून म्हणाले, "यांना इथंच खुर्ची द्या. कायमची."

शाखा वाचली. त्या पंगतीत मठ्ठा मिळाला नाही, याबद्दल इंदापूरची माणसं पुढं कित्येक दिवस आबासाहेबांना बोलत राहिली.

तात्या बोलायचे पहिल्यासारखेच, फुशारक्याही तशाच. पण काकूंच्या कुंच्या त्यांनी बोहारणीला देऊन टाकल्या. खंडेनवमीला लोक फोन करून कुंच्या मागायचे, तर म्हणायचे, "रडू द्या. तुमी जाऊन बघा." धुपाटणं देवघरात परत गेलं, आणि पुण्याहून फवाऱ्याचे डबे येईपर्यंत ते फोन खाली ठेवत नसत. "उगंच" हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी नोकरी सोडून सांगवीला गेले. दशक सरता सरता आबासाहेबांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. गोदाम त्या हंगामात रिकामं होतं, म्हणून मांडव तिथंच. मला आमंत्रण होतं. तात्यांनाही होतं. ते आता थकले होते, गुडघे धरून चालत होते, पण उंची तेवढीच. पंगतीत माझ्यासमोरच्या ओळीत बसले होते.

भात वाढायला सुरुवात झाली आणि भोंगा वाजला. कुणी मान वर केली नाही. इंदापूरकरांना त्याची सवय झाली होती. वॉचमननं बसल्याजागी ओरडून सांगितलं, "वाफ हाय, वाफ!" तात्या उठले. उष्टा हात वर धरून, ओळींमधून वाट काढत मागं गेले. परत आले, वॉचमनला म्हणाले, "वाफ हाय. दाब आता," आणि बसले. दोन घास झाले असतील, परत भोंगा. तात्या परत उठले. आता पोरंटोरं हसायला लागली. परत आले, "वाफच हाय," बसले.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा जिलबी आली होती. आबासाहेब स्वतः आग्रह करत होते. ते तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा की आता, तात्या. दोनदा बघून आलाय न्हवं? जिलबी गार व्हतीय."

तात्यांनी जिलबीकडे पाहिलं. जिलबी त्यांना फार आवडायची. मग एक हात जमिनीला टेकवला, गुडघा धरला आणि उठले. "व्हऊ द्या. आलोच," असं म्हणून ते निघाले.

माझ्या शेजारी वऱ्हाडातली एक नवी सून बसली होती, परगावची. तिनं हसू दाबत मला विचारलं, "ते आजोबा सारखे उठून कुठं जातात हो?"

तात्या तोवर मागच्या दारापाशी पोचले होते. दार जरा अडलं होतं, ते खांद्यानं ढकलत होते.

"बघायला," मी म्हटलं, आणि त्यांच्या जिलबीवर माशा बसू नयेत म्हणून शेजारची कोरी पत्रावळ उपडी घातली.